३.५ फॅटचं दूध चार्टात सापडेना

नवीनच ॲप बनवायला लागलेल्यांनी आकड्यांच्या अडचणी पाठवा म्हणलं होतं, त्यातले पाच प्रश्न घेतोय. सगळे सांगली-साताऱ्याकडचेच, त्यामुळं दूध, हळद आणि क्रिकेट सोडून कुणी लांब गेलेलं नाही, ते बरंच झालं.

कोरेगावहून: सर, आमच्या डेअरीसाठी जावास्क्रिप्टमधे रेट चार्ट केलाय. फॅट ३.० पासून लूप लावून (तीच पायरी परत परत चालवून) दरवेळी ०.१ वाढवतो आणि त्या त्या फॅटला रेट ठेवतो. मशीनवरनं फॅट आली की चार्टात शोधायचं. ३.२ पर्यंत रेट बरोबर येतोय, ३.३ पासून ४.१ पर्यंत काहीच येत नाही आणि ४.२ ला परत यायला लागतो. डोकं फिरलंय.

डोकं फिरण्यासारखंच आहे, पण कोड भुताटकीचा नाही. लूपच्या आत फॅट छापून बघा, ३.१, ३.२ नीट दिसेल आणि पुढं एकदम ३.३००००००००००००००३ दिसेल, मग ३.४००००००००००००००४, मग ३.५००००००००००००००४. मशीन देतंय ३.५ आणि चार्टात बसलंय हे शेपूटवालं ३.५, मग बरोबरीचं चिन्ह लावलं की उत्तर नाहीच येणार.

असं का होतं ते आज्जीच्या वजनांवरनं सांगतो. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक, प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं. कॉम्प्युटरकडं पण असलीच वजनं आहेत, अर्धा, पाव, त्याच्या निम्मं, परत निम्मं. साडेतीन, सव्वादोन, पावणेचार असले आकडे त्याच्या तराजूत काटा न हलता बसतात. पण एक दशांश शेर मोजा म्हणलं तर छटाक टाका, अर्धी छटाक टाका, अजून बारीक टाका, संपतच नाही. कुठंतरी थांबावं लागतं आणि साध्या डबलमधे, म्हणजे दशांश आकडा ठेवायच्या नेहमीच्या प्रकारात, ५३ बिटांनंतर (०-१ च्या ५३ घरांनंतर) थांबतात, १९८५ च्या आयईईई ७५४ या स्टँडर्डमधेच तसं ठरलंय. म्हणजे तुमचं ०.१ हे मुळातच किंचित जास्तीचं ०.१ आहे. प्रत्येक बेरजेला परत जवळच्या वजनावर आणावं लागतं आणि ती चूक साठत जाते. चाराच्या पुढं गेलं की सगळ्यात बारीक वजन दुप्पट जाड होतं, तिथनं चूक उलट्या बाजूला सरकते, आणि म्हणून ४.२, ४.३ ला योगायोगानं जुळतं. ४.४ ला परत बिघडेल, बघा करून.

आता उपाय. बरेच जण सांगतील की बरोबरीऐवजी फरक काढा आणि तो नंबर डॉट एप्सिलॉनपेक्षा, म्हणजे जावास्क्रिप्टमधल्या एकाच्या पुढच्या सगळ्यात छोट्या पायरीपेक्षा, लहान आहे का बघा. तुमच्या केसमधे तेपण फसतं! एप्सिलॉन एकाच्या जवळच्या आकड्यांसाठी असतो, आणि ३.५ जवळची सगळ्यात छोटी पायरीच त्याच्या दुप्पट आहे. फरकच बघायचा असेल तर ०.०१ पेक्षा कमी आहे का बघा, मशीन एका दशांशापर्यंतच फॅट दाखवत असेल तर एवढं भरपूर झालं. पण मी तुमच्या जागी असतो तर फॅट दशांशात ठेवलीच नसती. ३.५ ला ३५ म्हणा, लूप ३० पासून एकेकानं वाढवा, मशीनचा आकडा दहानं गुणून मॅथ डॉट राउंड करून ३५ करा आणि त्यानं शोधा. पॉइंट फक्त पावती छापताना द्यायचा.

सांगली मार्केट यार्डातनं: हळदीच्या पट्टीचं (विक्रीच्या हिशोबाच्या कागदाचं) ॲप करतोय. १००० रुपये हमाली तिघांत वाटली तर प्रत्येकी ३३३.३३ येतात, बेरीज ९९९.९९. ठरावीक दशांशापर्यंत आकडा दाखवणारं टूफिक्स्ड वापरून बेरीज केली तर ३३३.३३३३३.३३ असं काहीतरी भलतंच छापतंय.

भलतं नाही ते. टूफिक्स्ड आकडा देत नाही, अक्षरं देतं, आणि अक्षरांना अधिक लावलं की ती एकमेकांना चिकटतात. टूफिक्स्ड हा रंगाचा शेवटचा हात समजा, भिंत बांधायच्या आधी मारायचा नसतो. शिवाय त्याच्या राउंडिंगवरही डोळे झाकून जाऊ नका. २.३५ ला एका दशांशात २.४ देतो आणि २.५५ ला २.५ देतो, कारण तेच वरचं, २.५५ आत किंचित कमी साठलेला असतो.

हमालीचं म्हणाल तर सगळा हिशोब पैशात करा, रुपयात नको. १००० रुपये म्हणजे १,००,००० पैसे, भागिले तीन, प्रत्येकी ३३,३३३ आणि बाकी उरली १. तो एक पैसा कुणाला द्यायचा हे तुम्ही ठरवायचं, पहिल्या नावाला द्या, शेवटच्याला द्या, पण कोडमधे लिहून ठेवा. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातनं गेली, पण वहीतनं पैसा गेलेला नाही, आणि संध्याकाळी एका पैशासाठी अख्खी पट्टी परत तपासत बसलेले दिवाणजी मी बघितलेत.

जावास्क्रिप्टमधे पूर्णांक ९० लाख कोटी रुपयांच्या पैशांपर्यंत नीट राहतात, तेवढी हळद काय यायची नाही. कॉटलिनमधे (अँड्रॉइड ॲपची भाषा) करणार असाल तर मात्र इंट हा छोटा पूर्णांक वापरू नका, पैशात धरलं तर तो २ कोटी १४ लाख रुपयांच्या थोडं पुढंच भरतो आणि आकडा उणे होऊन बसतो. सीझनला एका अडत्याच्या उलाढालीला एवढी रक्कम काही मोठी नाही. मोठ्या पूर्णांकाचा लाँग घ्या.

विट्याहून: पायथनमधे दुकानाचं बिल राउंड ऑफ करतेय. २४३.५० चे २४४ होतात पण २४२.५० चे २४२ च होतात. पप्पा म्हणतात तुझं ॲप गिऱ्हाईक बघून बिल करतंय.

पप्पांना सांग, ॲप सम-विषम बघून बिल करतंय. पायथन ३ चं राउंड बरोबर मधोमधचा आकडा आला की जवळच्या सम आकड्याकडं जातं. नेहमी वरच गेलं तर हजारो नोंदींमधे बेरीज फुगत जाते, ती फुगू नये म्हणून ही पद्धत. चांगली आहे, पण दुकानाची नाही. जीएसटी कायद्याच्या १७० व्या कलमातसुद्धा कराची रक्कम ५० पैसे किंवा वर असेल तर वरचा रुपया असंच आहे. तू पायथनचं डेसिमल मॉड्यूल घे, ते दशांशातच हिशोब करतं, रक्कम अक्षरात दे म्हणजे फ्लोटमधनं (पायथनचा डबल) जायला नको, आणि राउंड हाफ अप लाव, म्हणजे मधोमधचा आकडा वर जाईल.

आणि हे भाषेगणिक बदलतं बरं का. जावास्क्रिप्टचं मॅथ डॉट राउंड २.५ चे ३ करतं पण उणे २.५ चे उणे २, डार्ट ही ॲपची दुसरी भाषा मात्र उणे ३ करते. परत आलेल्या मालाची उणे नोंद असेल तर तिथंच रुपया हलतो.

कराडहून: अँड्रॉइड ॲप माझ्या फोनवर मस्त चालतं, आजोबांच्या फोनवर बेरीज दाबली की बंद पडतं. त्यांचा फोन मराठीत आहे, पण त्याचा काय संबंध?

तिथंच संबंध आहे. तू स्ट्रिंग डॉट फॉरमॅटनं दोन दशांश करून तोच मजकूर परत टू डबलनं आकडा करत असणार. लोकेल, म्हणजे कुठल्या भाषा-देशाच्या पद्धतीनं लिहायचं ते, सांगितलं नाही की फॉरमॅट फोनची भाषा धरतं, मराठी फोनवर अंकही मराठीच येतात, आणि टू डबलला मराठी अंक वाचता येत नाहीत, एक्सेप्शन (चुकीचा इशारा) टाकून मोकळं, आणि ॲप बंद. गंमत म्हणजे टू इंट ते वाचतं, म्हणून नगाचा हिशोब चालत असेल आणि रुपयांचा पडत असेल. खरं तर आकडा मजकुरात नेऊन परत आणायची गरजच नाही, नेलाच पाहिजे असेल तर लोकेल डॉट यूएस दे. आजोबांना दाखवायला मराठी अंक खुशाल ठेव, त्यांना तेच बरं वाटतं.

वेबवर करणार असशील तर इंटल डॉट नंबरफॉरमॅटला इंग्रजी-भारत लोकेल दिलं की १२,३४,५६७ असा लाखाचा स्वल्पविराम येतो, मराठी-भारत दिलं की अंकपण मराठी. मात्र स्वल्पविराम असलेला मजकूर पार्सफ्लोटला परत देऊ नको, १,२३,४५६ चा तो सरळ १ करतो, आणि चूक झाली म्हणून सांगतसुद्धा नाही.

तासगावहून: आमच्या टेनिस बॉल स्पर्धेच्या ॲपमधे १०४ रनवाला ९८ वाल्याच्या खाली जातोय. आणि रनरेट पण चुकतोय.

पहिलं सोपं आहे. इनपुट बॉक्समधनं आलेलं सगळं अक्षरं असतं, आणि अक्षरात १ हे ९ च्या आधी, डिक्शनरीसारखं. आल्या आल्या नंबर करून घ्या. जावास्क्रिप्टचा साधा सॉर्ट तर खरे नंबर दिले तरी अक्षरं समजूनच लावतो, त्याला तुलनेचं फंक्शन द्यावं लागतं, अ वजा ब.

रनरेटचं कारण वेगळं. तुम्ही ४.३ ओव्हरनं भागताय ना? ४.३ हा दशांश नाहीच, चार ओव्हर तीन बॉल, म्हणजे साडेचार ओव्हर. ४५ रन असतील तर रनरेट १० पाहिजे, तुम्हाला १०.४७ दिसत असेल. ओव्हर ठेवूच नका, बॉल ठेवा, २७. सहानं भागून बाकी काढली की दाखवायला ४.३ तयार होतं.