बाविसावी स्लाइड

सोलापूर, रविवार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या 38 स्लाइड काल रात्री चष्मा पुसून पुसून पाहिल्या. मेहनत दिसते गं, पण भाषणाला वेळ मिळालाय वीस मिनिटं. म्हणजे एकेका स्लाइडला जेमतेम अर्धा मिनिट. त्यातल्या पहिल्या सहा तर डाळिंबाच्या कौतुकातच गेल्यात: केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 चं, सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन 2016 मध्ये मिळालं, वगैरे. सगळं खरं आहे. पण समोर सांगोला-मंगळवेढ्याचे बागायतदार बसणार. त्यांना डाळिंबाची थोरवी सांगून काय उपयोग? त्यांची झोप डाळिंबावरच्या तेल्या रोगानं उडालीय.

लॅपटॉप मिटव आणि कागदावर एकच वाक्य लिही. सभा सुटल्यावर टपरीवर चहा पिताना ही माणसं एकमेकांना काय सांगतील, ते. मला ते वाक्य बाविसाव्या स्लाइडवर सापडलं, खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात: छाटणी करताना दुसऱ्या झाडाला हात लावण्याआधी कात्री निर्जंतुक करा. अगं, हेच तर तुझं भाषण! तेल्या हा जिवाणूचा रोग. रोगट रोपांबरोबर बागेत येतो, पावसाच्या शिंतोड्यांनी उडतो आणि छाटणीच्या कात्रीवर बसून ओळच्या ओळ फिरतो. पावसाला कोण आवरणार? कात्री मात्र आपल्याच हातात असते. बाकीच्या स्लाइडपैकी या वाक्याच्या कामाला येतील तेवढ्याच ठेव. दहा झाल्या तरी पुष्कळ.

आणि कात्री बरोबर ने. वापरलेली, पात्यावर हिरवट डाग असलेली. व्यासपीठावरच्या मान्यवरांची यादी वाचत बसू नकोस, ते काम सूत्रसंचालक हौसेनं करतो. नमस्कार कर, कात्री वर धर आणि विचार, "ही शेवटची कधी पुसली होती?" मग गप्प राहा. मनातल्या मनात पाच अंक मोज. कुणी हसेल, कुणी शेजाऱ्याकडे बघेल. तू लगेच उत्तर द्यायला धावशील, मला माहितीय. धावू नकोस.

माझी फजिती तुला कधी सांगितली नाही. नोकरीतल्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावच्या हॉलमध्ये सभा होती. एप्रिलची दुपार, लोक शेंगाचटणी-भाकरी खाऊन सुस्तावलेले. माझं सगळं मराठी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आणि तो फॉन्ट तिथल्या कॉम्प्युटरवर नव्हताच. पडद्यावर नुसता गिचमिड कारभार. मी घामाघूम होऊन वायरी काढतोय, घालतोय. शेवटी मागून एक आजोबा उठले. म्हणाले, "सायेब, लाइट लावा की. आमास्नी तुमचं ऐकायचंय, भिताडाचं न्हाई." लाइट लावले. नंतर बोललो ते बरं झालं असावं, कारण कुणी उठून गेलं नाही.

तेव्हा मजकूर युनिकोडमध्येच ठेव, एक प्रत पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर घे, आणि प्रोजेक्टरला कुठली केबल लागते ते आदल्या दिवशी फोन करून विचार. अक्षर तीस पॉइंटच्या खाली नको. हॉल रिकामा असताना शेवटच्या रांगेत बसून स्वतःच बघ. पानावरच्या तेलकट डागाचा उजळ फोटो पडदाभर लाव, कारण खिडक्यांतून ऊन आलं की काळपट फोटो दिसतच नाहीत. लोकांनी तुझ्याकडे बघावं असं वाटलं तर स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं B अक्षर दाब, पडदा काळा होतो. पुन्हा दाबलंस की चित्र परत.

भाषेचं एक सांगतो. "रोगाचा प्रादुर्भाव" पाच ठिकाणी लिहिलंयस. तुझे आजोबा असं बोलायचे का? "तेल्या आला" म्हण. त्या जिवाणूचं लांबलचक नाव घ्यायचंच तर एकदा घे, कॉलेजातल्या पोरांसाठी. अक्कलकोटकडचे काही जण घरी कानडी बोलतात, त्यांनाही साधी, छोटी वाक्यं सोपी जातील.

पाठ मात्र करू नकोस. पाठ केलेलं एका जागी अडखळलं की पुढचं सगळंच पळतं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढं पक्कं असू दे. आईसमोर दोनदा म्हणून बघ आणि फोनवर रेकॉर्ड कर. स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटेल, मलाही अजून वाटते.

शेवटी प्रश्न येतील. कुणीतरी हमखास पीक विम्याचं काढेल, कुणी भावाचं. येत नसेल तर "विचारून सांगते" म्हण, त्यांचा नंबर तिथल्या तिथं वहीत लिही आणि दोन दिवसांत फोन खरंच कर.

गुरुवारी संध्याकाळी घरी ये, एकदा घड्याळ लावून ऐकतो. तुझ्याकडची कात्री नवीकोरी असेल तर आणू नकोस, शेडमध्ये माझी पडलीय. पात्याला थोडा गंज आहे, तो मुद्दाम घासलेला नाही.

तुझा,
काका