कोहा या ग्रंथालयाच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलला हात लावताय?

भाऊ, नागपूरच्या कॉलेजात रोज पुस्तकांची देवघेव सांभाळता ना, मग त्याच प्रकरणापासून सुरू करा. कोहाची नवी आवृत्ती दरवर्षी मे आणि नोव्हेंबरात येते, मॅन्युअल मात्र मागे राहतं. म्हणून आख्खं प्रकरण नव्यानं लिहायला बसू नका (नवे बहुतेक हेच करतात अन् मग गळतात). एक परिच्छेद घ्या, त्यातली पायरी न् पायरी टेस्ट सर्व्हरवर (चाचणीसाठीच्या कोहावर) करून बघा, जुळत नाही तेवढंच बदला.

दोन गोष्टी मात्र सांभाळा:

- स्क्रीनशॉटमध्ये खऱ्या वाचकाचं नाव-फोन नको.
- बटणाचं नाव स्क्रीनवर दिसतं तस्संच लिहा.

गिटच्या (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) कमांडा, स्फिंक्स (मॅन्युअलची पानं तयार करणारं साधन) सध्या राहू द्या. मॅन्युअलच्या फायली गिटलॅब या साइटवर आहेत, तिथे ब्राउझरमधूनच बदल सुचवता येतो. इंग्रजी कच्चं? पाठवा बिनधास्त, तपासणारे सुधारतात.