हुरड्याच्या रात्री जेवणानंतर 'ग्रासहॉपर' कॉकटेल गावात करता येईल का?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात दर्यापूरकडच्या तुमच्या शेतावर मित्र हुरड्याला येणार आहेत. रात्री रोडगे, वांग्याची भाजी आणि मटणाचा तर्रीवाला रस्सा आहे, आणि त्यावर ते हिरवं, गोड, पुदिन्याच्या चवीचं ग्रासहॉपर द्यायचं आहे. न्हाणीजवळचा पुदिना आणि घरच्या म्हशीची साय वापरून जमेल का?

कॉकटेल नक्की जमेल. मात्र तो पुदिना आणि ती साय, दोन्ही बाजूला ठेवा. मी नागपुरात हॉटेलच्या बारवर बरीच वर्षं काम केलं, आता गावीच असतो. हे पेय मला मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ कृती अगदी सोपी आहे. हिरवं क्रेम द मेंथ ३० मिली, पांढरं क्रेम द काकाओ ३० मिली आणि ताजं क्रीम ३० मिली. पहिलं पेपरमिंटचं लिकर (म्हणजे गोड, स्वादाची दारू), दुसरं कोकोचं. या दोन्हींत दूध नसतं, साखर मात्र भरपूर असते, म्हणून वरून साखर घालायची नाही. काकाओ रंगहीनच घ्या. तपकिरी घेतलं तर हिरवा रंग मातकट होतो. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरात ट्युजॅग्स नावाचं १८५६ पासूनचं रेस्टॉरंट आहे. तिथल्या फिलिबर्ट गिशे यांनी हे पेय साधारण १९१८-१९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका स्पर्धेसाठी बनवलं आणि दुसरा क्रमांक मिळवला, असं सांगतात. रंग नाकतोड्यासारखा, म्हणून हे नाव.

आता पुदिन्याचं. आपण चटणीला वापरतो तो पुदिना वेगळा. त्याचा वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा असतो आणि मेंथॉल त्यात नावापुरतंच. ग्रासहॉपरला लागतो तो पेपरमिंट, ज्यात मेंथॉल भरपूर असतं. मेंथॉल जिभेवरच्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहींनाच चेतवतं, म्हणून तोंड खरोखर गार झाल्यासारखं वाटतं. सांभार-पुदिन्यातला (सांभार म्हणजे कोथिंबीर) पुदिना क्रीममध्ये वाटून घातला तर चव चटणीकडे जाते आणि पानांचे कण दातांत येतात. फार तर एक पान वर ठेवा, शोभेला.

खरी गंमत क्रीममध्ये आहे. मेंथॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं. त्यामुळे चांगल्या क्रीममध्ये पेपरमिंट एकदम नाकात जात नाही, घोट उतरल्यावर हळूहळू जाणवतो. शिवाय मिरचीचा जाळ ज्या कॅप्सेसिनमुळे होतो, तेही तेलातुपातच विरघळतं आणि दुधातलं केसीन हे प्रथिन ते जिभेवरून सोडवून नेतं. तुमच्या तर्रीनंतर हे पेय इतकं बरं वाटेल, त्याचं कारण हेच.

मग घरची साय का नको? पूर्णाथडी म्हशीचं दूध असेल तर सायीचा मोह होणारच. पण तापवलेल्या दुधाची साय म्हणजे गोठलेल्या प्रथिनांचा आणि स्निग्धांशाचा पापुद्रा. तो बर्फाबरोबर घुसळला की गुठळ्या राहतात, आणि जास्त घुसळला तर लोणी सुटतं. पाकिटातलं २५ टक्के स्निग्धांशाचं फ्रेश क्रीम तालुक्याला मिळतं, ते आणा. लिंबू थेंबभरही नको, क्रीम फाटेल.

क्रीम नाहीच मिळालं तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या सपर क्लबांची, म्हणजे रात्रीच्या जेवणाच्या रेस्टॉरंटांची, रीत धरा. तिथे क्रीमऐवजी व्हॅनिला आइस्क्रीम घालून मिक्सरमधून काढतात. मला तर गावासाठी हीच रीत जास्त सोयीची वाटते. फक्त डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेलं घेऊ नका. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं आणि ते टाळूला चिकटून राहतं.

शेकर लागत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, अर्धा बर्फाने भरा, तिन्ही गोष्टी ओता आणि डबा बाहेरून गार लागेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा सेकंद, जोरात हलवा. चहाच्या गाळणीने छोट्या पेल्यात गाळा आणि वर जायफळ किसा. बर्फ पिण्याच्या पाण्याचा, आदल्या दिवशी जमवून थर्माकोलच्या डब्यात ठेवा. रात्री लाइट गेली तर फ्रीजच्या भरवशावर राहता येत नाही.

लिकरसाठी अमरावती किंवा नागपूरच्या मोठ्या वाईन शॉपमध्ये आधी फोन करून विचारा, गावच्या दुकानात शोधण्यात वेळ घालवू नका. महाराष्ट्रात यासाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवानाही. तुमचा कोणी मित्र वर्ध्याचा किंवा गडचिरोलीचा असेल तर उरलेली बाटली त्याच्याबरोबर देऊ नका, दोन्ही जिल्ह्यांत दारूबंदी आहे. आणि माणशी एकच पेला धरा. गोडाखाली दारू कळत नाही, पण दोन्ही लिकर साधारण २५ टक्क्यांची असतात. रात्री मोटारसायकलने परतणारे असतील तर त्यांची झोपायची सोय शेतावरच करा.

न पिणाऱ्यांसाठी, आईबाबांसाठी, वेगळं करा आणि तेही तेवढ्याच मनाने करा. एका पेल्याला २० ग्रॅम पांढरं चॉकलेट थोड्या गरम क्रीममध्ये विरघळवून पूर्ण गार करा. पाव लिटर साखरेच्या पाकात खाण्याच्या पेपरमिंट इसेन्सचे दोन थेंब टाका, चाखा, लागलाच तर तिसरा. इसेन्स फार तीव्र असतो. चॉकलेटचं क्रीम, दोन चमचे पाक आणि थोडं गार दूध एकत्र करून तसंच बर्फावर हलवा. हिरवा रंग हवाच असेल तर खायच्या रंगाचा एक ठिपका पुरे. हे आधी करून गाळून घ्या आणि दारूचा डबा नंतर वापरायला काढा, म्हणजे भांड्यांची सरमिसळ होणार नाही.