भेकाच्या विषाचा हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो?

तुमच्या कुत्र्याने अंगणातला बेडूक तोंडात धरला, तोंडाला फेस आला आणि जनावरांच्या डॉक्टरांनी आधी हृदयाचे ठोके तपासले. म्हणून तुम्ही विचारलंत की बेडकाच्या विषाचा हृदयाशी काय संबंध, आणि त्याला हात लागला तर माणसालाही धोका असतो का. मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवते. डॉक्टरांनी केलं ते अगदी बरोबर केलं.

तो बहुधा भेक असणार. पावसाळ्यात दिव्याखाली किडे टिपायला येतो तो, कोरड्या खरखरीत कातडीचा. जवळून पाहिलंत तर डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना फुगीर, लांबट ग्रंथी दिसतात. त्या दाबल्या गेल्या की पांढरट चिकट स्राव बाहेर येतो. भेकाला हे विष टोचता येत नाही. ते तोंडात किंवा पोटात जावं लागतं. कुत्रा नेमकं तेच करतो.

आता हृदयाकडे येऊ. पेशीच्या आवरणात सोडियम-पोटॅशियम पंप असतो. एका फेरीत तो 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. जेन्स स्कोऊ या डॅनिश शास्त्रज्ञाने 1957 मध्ये तो दाखवून दिला आणि त्यासाठी 1997 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भेकाच्या स्रावातले ब्युफालिन, सिनोब्युफॅजिन यांसारखे घटक हाच पंप अडवतात. मग हृदयाच्या पेशीत सोडियम साठतं. एरवी बाहेरून आत येणाऱ्या सोडियमच्या जोरावरच पेशी कॅल्शियम बाहेर काढते. तो जोर कमी झाला की कॅल्शियमही आतच राहतं आणि स्नायू जास्त ताकदीने आकसतो.

इथवर ऐकून हे औषधच वाटेल, आणि तसं ते आहेही. हृदय अशक्त झालेल्यांना डॉक्टर डिगॉक्सिन देतात, ते याच पंपावर काम करतं. पण डिगॉक्सिनची गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजलेली असते, आणि तरीही रक्तातली पातळी थोडी वर गेली की रुग्ण अडचणीत येतो. भेकाच्या स्रावात किती विष आहे, हे घेणाऱ्याला कळायला मार्गच नसतो.

कॅल्शियम फार वाढलं की खालच्या कप्प्यांतल्या पेशी स्वतःहून, वेळी-अवेळी ठोके द्यायला लागतात. त्याच वेळी व्हेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूकडून येऊन हृदयाचे ठोके संथ करणाऱ्या नसेचा, प्रभाव वाढून वरून येणारा नियमित संदेश मंदावतो, कधी वाटेतच अडतो. म्हणून ईसीजीत संथ नाडी, हार्ट ब्लॉक (म्हणजे हा संदेश वाटेत अडणं) आणि मधूनच उसळणारे जादा ठोके, असं सगळं एकत्र दिसू शकतं. पंप बंद असल्यामुळे पोटॅशियम पेशीत परत जात नाही, रक्तात चढतं, आणि ते स्वतःच हृदय थांबवू शकतं.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंमध्येही हाच पंप असतो. तिथे कॅल्शियम वाढलं की वाहिन्या आवळतात. शिवाय काही भेकांच्या स्रावात चक्क ॲड्रेनॅलिन असतं, तेही रक्तदाब वर ढकलतं. पुढे ठोक्यांची लय बिघडली की दाब कोसळतो. त्यामुळे एकदा मोजलेलं बीपी ठीक आलं म्हणून निर्धास्त राहू नये. ईसीजी सतत चालू ठेवावा लागतो.

भेकाचा स्राव वाळवून केलेलं ‘चान सू’ चिनी वैद्यकात जुनं आहे. तेच विषारी घटक असलेला एक पदार्थ न्यूयॉर्कमध्ये 1990च्या दशकात कामोत्तेजक म्हणून विकला जात होता. तो त्वचेवर लावायचा होता, काहींनी गिळला. 1993 ते 1995 या काळात धडधाकट माणसं त्याने दगावली. रक्तचाचणीत डिगॉक्सिन दिसत होतं, आणि एकानेही ते घेतलेलं नव्हतं! विषाची घडण इतकी जवळची की चाचणी फसली. पण त्याच साम्यामुळे डिगॉक्सिनच्या विषबाधेवरचा उतारा तिथे वापरता आला आणि पुढचे दोन रुग्ण वाचले. ऑनलाइन ‘नैसर्गिक शक्तिवर्धक’ म्हणून असलं काही दिसलं तर कृपा करून हात लावू नका.

आपल्याकडे हे चित्र डॉक्टरांना वेगळ्या कारणाने ओळखीचं आहे. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बिया खाल्लेला रुग्ण आला की ईसीजी असाच दिसतो, कारण तिचं विषही याच पंपाला धरतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. भेकाला नुसता हात लागल्याने हृदयाला काही होत नाही, चामखीळही येत नाही. साबणाने हात धुवा, तोवर डोळे चोळू नका. डोळ्यात गेलं तर फार आग होते. मुलाने भेक तोंडात घातला किंवा कुणी तो शिजवून खाल्ला, तर मात्र लक्षणांची वाट न पाहता ईसीजीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. शिजवल्याने हे विष नष्ट होईल, असा भरवसा धरता येत नाही.

कुत्र्याने पुन्हा भेक धरला तर त्याचं तोंड खाली झुकवून पाण्याची धार बाजूने सोडा, म्हणजे पाणी घशात न जाता बाहेर पडेल. हिरड्या ओल्या फडक्याने पुसत राहा, फडकं मधून मधून धुवा. कुत्रा लडखडला, झटके आले किंवा मलूल पडला तर तसाच गाडीत घाला आणि निघताना डॉक्टरांना फोन करून ‘कुत्र्याने भेक तोंडात धरलाय’ एवढं सांगा, म्हणजे ते ईसीजीची तयारी ठेवतील.