नाशिकमध्ये नवीन आहोत, बायकोला पाचवा महिना लागलाय. महापालिकेच्या दवाखान्यात नाव घालावं का?

घाला, आणि याच आठवड्यात घाला. तुम्ही लिहिलंय की अंबडला कंपनीत लागलात, सिडकोत खोली घेतलीय आणि खासगीचा खर्च झेपणार नाही. मीही सिडकोतलीच, लेक आता अडीच वर्षांची आहे.

घराजवळच्या मनपा दवाखान्यात वहिनींना घेऊन जा, आधार आणि बँक पासबुक सोबत ठेवा. माता-बाल संरक्षण कार्ड मिळेल, टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन आणि रक्ताची तपासणी होईल, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतील. गल्लीची आशाताई कोण हेही तिथेच विचारून घ्या. बाळंतपणानंतर ती सहा वेळा घरी येते, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी ठिकाणी डॉक्टरांकडून गरोदर बायकांची खास तपासणी होते. ती चुकवू नका.

बाळंतपणाला मनपाची मोरवाडी, बिटको, झाकिर हुसेन, पंचवटीतलं इंदिरा गांधी ही रुग्णालयं आहेत. गुंतागुंत वाटली तर सरळ त्र्यंबक रोडचं सिव्हिल. अशक्त, कमी वजनाच्या बाळांसाठी तिथे वेगळा कक्ष आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त सगळं मोफत असतं. जेवणही, साध्या डिलिव्हरीला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस. गर्दी मात्र असते. एक खमकी बाई सोबत ठेवाच, सासू, आई, जी असेल ती.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० रुपये मिळतात, आधी ३००० आणि बाळाचे सुरुवातीचे डोस झाल्यावर २०००. खातं वहिनींच्याच नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. आपल्याकडे घोळ नेमका इथेच होतो: आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. माझे पैसे यातच अडकले होते. आत्ताच दुरुस्त करून घ्या.

आता लसींचं. माझं बाळंतपण एका खासगी ठिकाणी झालं आणि तिथे बीसीजी, म्हणजे टीबीची लस, द्यायची राहिली. मग एका सरकारी दवाखान्यात गेले तर 'आज नाही, गुरुवारी या'. गुरुवारी गेले तर 'बाळं कमी आहेत, पुढच्या वेळी'. बारा दिवसांचं बाळ पदराखाली घेऊन रिक्षाने दोन फेऱ्या! तिसऱ्या खेपेला मी भांडायच्याच तयारीने गेले. सिस्टरने काही न बोलता बाटली हातात दिली, अंगठ्याएवढी. तिच्या लेबलवर पेनाने उघडल्याची वेळ लिहिलेली, १०.४०. म्हणाली, "ताई, हिच्यात दहा बाळांचे डोस. पाणी घातलं की चार तासांत संपवायची, उरलं तर फेकून द्यायचं." मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर निदान रिक्षाचे पैसे वाचले असते. गोवर-रुबेलाच्या बाटलीचंही तसंच. म्हणून आदल्या दिवशी आशाताईला फोन करून 'उद्या बीसीजी उघडणार का' एवढं विचारायचं. पेंटाची (पाच आजारांवरच्या एकत्र लसीची) बाटली मात्र नीट थंड ठेवली तर उघडल्यावरही २८ दिवस चालते, तिच्यासाठी सहसा परत पाठवत नाहीत.

बीसीजीनंतर महिन्याभराने दंडावर फोड येतो, पिकतो. त्याला हळद, तेल काही लावू नका. माझ्या सासूबाईंना आवरता आवरता नाकी नऊ आले. आणि सुई झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा, बस चुकली तरी चालेल.

वहिनी सातव्यात माहेरी जाणार असतील तर कार्ड त्यांच्यासोबतच जाऊ द्या, तिकडे ते दाखवून पुढच्या तपासण्या होतात. येताना आठवणीने परत आणा, कारण दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसांची नोंद त्यावरच होते. आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. माझ्या कार्डावर चहा सांडलाय, साडेतीन महिन्यांची तारीख मलाही आता वाचता येत नाही.