पान शोधात का येत नाही? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या खेपेचे बहुतेक प्रश्न एकाच तक्रारीभोवती फिरतात: पान केले, साइटवर चढवले, पण शोधात दिसत नाही, किंवा नको ते पान दिसते. उत्तरे वाचताना तीन कामे वेगळी धरावीत. बॉट, म्हणजे सर्च इंजिनचा आपोआप फिरणारा प्रोग्राम, पान आणतो ते क्रॉलिंग, आणलेले पान वाचून नोंदवले जाते ते इंडेक्सिंग आणि कुणी काही शोधले की नोंदलेल्या पानांचा क्रम लागतो ते रँकिंग. बिघाड यांपैकी कुठे आहे हे न पाहता केलेली दुरुस्ती भलत्याच जागी बसते. पहिला प्रश्न त्याचाच नमुना आहे.

प्रश्न: साइटवरचा जुन्या दरपत्रकांचा विभाग आम्ही रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइलमध्ये ‘डिसअलाउ’ केला. तरी गूगलवर त्याचे पत्ते येतातच, फक्त खाली वर्णन नसते. ओळ लिहिताना चूक झाली का?

ओळ बरोबर आहे, फाइलकडून केलेली अपेक्षा चूक आहे. ही फाइल बॉटला एवढेच सांगते, की इथले पान आणू नकोस. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये ही पद्धत सुचवली आणि २०२२ मध्ये ती आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक मानकांची दस्तऐवजमाला) ९३०९ या क्रमांकाने प्रमाणित झाली. ‘नोंदवू नकोस’ असे सांगायची सोय त्या प्रमाणात नाही. दुसऱ्या पानांवर तुमच्या पत्त्याच्या लिंक असतील, तर गूगल पान न उघडताही पत्ता नोंदवते आणि लिंकवरच्या शब्दांवरून शीर्षक बनवते. वर्णन येत नाही, कारण आत काय आहे हे त्याने पाहिलेलेच नाही.

पान शोधातून काढायचे असेल तर त्यावर ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘नोंदवू नकोस’ ही खूण, लावावी लागते. आणि घोळ नेमका इथेच होतो: नोइंडेक्स पानाच्या आत असतो, डिसअलाउ असेपर्यंत बॉट आत येत नाही, म्हणून तो वाचलाच जात नाही. दोन्ही एकदम लावणारे लोक दुप्पट बंदोबस्त केला असे समजतात. प्रत्यक्षात एक कुलूप दुसऱ्याला निकामी करते.

क्रम असा ठेवा. आधी डिसअलाउची ओळ काढा. प्रत्येक पानाच्या हेड भागात (वाचकाला न दिसणाऱ्या कोडात) नोइंडेक्सचा मेटा टॅग घाला. पीडीएफमध्ये असा टॅग घालता येत नाही, तिथे सर्व्हरच्या उत्तरातून ‘एक्स-रोबोट्स-टॅग’ हे हेडर पाठवा. मग बॉट पुन्हा फिरकण्याची वाट पाहा. क्वचित उघडल्या जाणाऱ्या पानांना यात कित्येक आठवडे जातात. घाई असेल तर सर्च कन्सोलमधून (साइटमालकांसाठीचे गूगलचे साधन) काढून टाकण्याची विनंती करता येते, पण तिचा परिणाम साधारण सहा महिनेच टिकतो; तो टॅगला पर्याय नव्हे. पाने गळल्यावरही डिसअलाउ परत लावू नका, नाहीतर नोइंडेक्स पुन्हा वाचला जाणार नाही.

नोइंडेक्सची ओळ रोबोट्स फाइलमध्येच लिहिण्याचा जुना सल्ला अजून फिरतो. गूगलने तो प्रकार १ सप्टेंबर २०१९ पासून मानणे बंद केले आहे. आणि मजकूर खरोखर गोपनीय असेल, तर पासवर्ड लावा. रोबोट्स फाइल कुणालाही उघडून वाचता येते. तिच्यात लपवायच्या फोल्डरांची नावे लिहिणे म्हणजे त्यांची जाहीर यादी लावणे.

प्रश्न: रोबोट्स फाइल नसेलच तर?

काही बिघडत नाही. सर्व्हरने ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’ हा कोड दिला, की सगळे खुले असे धरले जाते. फाइल मागितल्यावर सर्व्हर ५०० किंवा ५०३ हे बिघाडाचे कोड देऊ लागला, तर मात्र गूगल उलटे धरते आणि साइटभरचे क्रॉलिंग थांबवते. एकाएकी सगळीकडचे क्रॉलिंग बसले, तर आधी ही फाइल उघडून पाहावी. दुरुस्त केल्यावर तत्काळ फरक दिसेल असे नाही, कारण गूगल तिची प्रत साधारण २४ तासांपर्यंत जपून ठेवते.

प्रश्न: साइटमॅप देऊन महिना झाला. सर्च कन्सोलमध्ये काही पाने ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ आणि काही ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ दिसतात. दोन्हींत फरक काय आणि साइटमॅप पुन्हा पाठवावा का?

पुन्हा पाठवून काही होणार नाही. साइटमॅप ही पत्त्यांची यादी आहे, नोंदणीचा अर्ज नाही. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते किंवा न दाबलेल्या स्थितीत ५० एमबी ही मर्यादा. त्यापुढे फाइल तोडून साइटमॅप इंडेक्स करावा लागतो. ‘प्रायॉरिटी’ (पानाचे महत्त्व) आणि ‘चेंजफ्रीक’ (बदलाची वारंवारता) हे रकाने गूगल वाचतच नाही. ‘लास्टमॉड’ (शेवटच्या बदलाची तारीख) वाचते, पण तो विश्वासार्ह ठरला तरच. रोज रात्री सगळ्या पानांची तारीख आपोआप बदलणारी साइट तो विश्वास लवकर गमावते.

आता दोन शेरे. ‘डिस्कव्हर्ड’ म्हणजे पत्ता कळला आहे, पान अजून आणलेले नाही. हा क्रॉलिंगचा प्रश्न. सर्व्हर हळू उत्तर देतो किंवा मधूनमधून ५०३, ४२९ असे नकार देतो म्हणून बॉटने वेग कमी केला असेल. किंवा आतापर्यंतची पाने पाहून इथे आणखी वेळ घालवण्याजोगे काही नाही असा त्याचा अंदाज झाला असेल. सर्व्हरच्या लॉगमध्ये बॉटच्या विनंत्या, त्यांना मिळालेले कोड आणि उत्तराला लागलेला वेळ पाहा. सोबत हेही तपासा, की त्या पानाकडे साइटच्या आतून एकतरी लिंक जाते का. फक्त साइटमॅपमध्ये असलेले आणि आतून कुठेच न जोडलेले पान नेहमी मागे पडते.

‘क्रॉल्ड’ म्हणजे पान आणले, वाचले आणि नोंदवायचे नाही असे तूर्त ठरवले. इथे सर्व्हर कितीही वेगवान केला तरी उपयोग नाही. बहुतेकदा पानात दोन ओळी आणि एक फोटो असतो, किंवा तोच मजकूर साइटवर आणखी चार पत्त्यांवर असतो, किंवा ‘येथे सध्या काही नाही’ असा मजकूर असूनही सर्व्हर २०० म्हणजे ‘सगळे ठीक’ हा कोड देतो. या शेवटच्या प्रकाराला ‘सॉफ्ट ४०४’ म्हणतात. रिकाम्या पानांना खरा ४०४ किंवा ४१० (‘कायमचे काढले’) द्या, सारखी पाने एकत्र करा. चांगले पान कधीकधी तरीही बाहेर राहते. नोंदणीची हमी कुठलेच सर्च इंजिन देत नाही; तशी हमी विकणाऱ्यापासून दूर राहावे.

प्रश्न: आमची साइट दोनशे पानांची आहे. ‘क्रॉल बजेट’ वाढवून देतो असे एक सल्लागार म्हणतात.

गरज नाही. क्रॉल बजेट म्हणजे बॉट एका साइटवर किती पाने आणतो त्याची मर्यादा. हा विषय लाखो पानांच्या किंवा रोज हजारो पाने बदलणाऱ्या साइटचा आहे.

अपवाद एकच: दोनशे पाने खरोखर दोनशेच आहेत का? समजा यादीच्या पानावर पाच फिल्टर आहेत, प्रत्येकात चार पर्याय आणि ‘काहीच निवडले नाही’ धरून पाच स्थिती. त्यातून ३,१२५ जोड्या निघतात. क्रम लावायच्या चार पद्धतींनी गुणले की १२,५०० पत्ते, आणि वस्तू त्याच. प्रत्येक जोडीला लिंक असेल तर बॉट त्यांतच फिरत बसतो. ‘मूळ पान हे’ असे सांगणाऱ्या कॅनॉनिकल टॅगने असे पत्ते मूळ पानाशी जोडता येतात, पण तो टॅग वाचण्यासाठी बॉटला प्रत्येक पान आणावेच लागते, म्हणजे फेऱ्या वाचत नाहीत. शिवाय गूगल कॅनॉनिकलला सूचना मानते, आदेश नव्हे. फेऱ्याच वाचवायच्या असतील तर हे पॅरामीटर (पत्त्याच्या शेवटी जोडले जाणारे फिल्टरचे भाग) रोबोट्स फाइलमध्ये अडवा. पहिल्या उत्तरातले चुकीचे हत्यार इथे योग्य ठरते, कारण इथे काम क्रॉलिंग थांबवण्याचेच आहे.

प्रश्न: अब्जावधी पानांतून उत्तर क्षणात कसे येते? आणि मराठीत शोधताना ‘शाळा’ व ‘शाळेत’ यांना वेगळी उत्तरे का येतात?

शोधताना कुणी पाने चाळत नसते. इंडेक्सिंगच्या वेळीच प्रत्येक शब्दासमोर तो कोणकोणत्या पानांत, किती वेळा, कितव्या जागी आला याची यादी तयार होते. याला इन्व्हर्टेड इंडेक्स म्हणतात. तीन शब्दांचा शोध आला, की तीन याद्या काढायच्या, सर्वांत छोटीपासून सुरुवात करून समाईक पाने ठेवायची. शब्दांच्या जागा नोंदलेल्या असतात म्हणून अवतरणचिन्हांतला सलग शोधही जमतो. या याद्या असंख्य यंत्रांवर वाटलेल्या असतात. प्रत्येक जण आपला तुकडा शोधतो आणि निकाल एकत्र होतात.

मग गुण देणे. दुर्मीळ शब्दाला वजन जास्त, ही कल्पना कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. ‘बीएम२५’ हे आजही वापरातले सूत्र तिच्यावरच उभे आहे. त्यात शब्दाची पुनरावृत्ती लवकरच निष्प्रभ होते: दुसऱ्यांदा आलेला शब्द बरेच गुण देतो, विसाव्यांदा आलेला जवळजवळ काहीच नाही. लांब पानाला लांबीचा फुकट फायदा मिळू नये म्हणून लांबीनेही गुण कमी होतात. एकच शब्द पानभर पेरणाऱ्यांना या गणिताची कल्पना नसते.

मराठीचा त्रास असा, की नामाचे मूळ रूपच बदलते. शाळा, शाळेत, शाळांमधून ही यंत्राला वेगवेगळी अक्षरमाला दिसते आणि ती एका मुळाशी आणणारी साधने इंग्रजीसाठी जेवढी सरावलेली आहेत तेवढी मराठीसाठी नाहीत. त्यात भर युनिकोडची, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीची. ‘ऱ्या’ हे अक्षर साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरूनही टाइप होते आणि वेगळ्या ऱ या वर्णानेही. डोळ्यांना सारखे, आतून निराळे. ही तफावत न मिटवणाऱ्या शोधात, म्हणजे साइटवरच्या स्वतःच्या शोधपेटीत, निकाल हमखास हुकतात. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर तर आतून रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. अशा पीडीएफमधून एक ओळ निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. तिथे जे उमटेल, साधारण तेच सर्च इंजिनच्या हाती लागते. उपाय एकच, युनिकोडमध्ये रूपांतर.

पत्त्यात देवनागरी चालते का, असेही विचारले आहे. चालते. मात्र प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा असल्याने सांकेतिक रूपात नऊ चिन्हे घेतो. मात्रा वेगळी मोजली जाते. दहा वर्णांचे नाव नव्वद चिन्हांचे होते, इतकेच.

प्रश्न: एकच लिंक असलेले पान दहा लिंक असलेल्या पानाच्या वर कसे?

लिंकची संख्या आणि लिंकचे वजन वेगळे. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँकमध्ये पान आपले वजन आपल्या बाहेर जाणाऱ्या लिंकमध्ये वाटते. तीन पाने घ्या: ‘अ’ची लिंक ‘ब’ व ‘क’कडे, ‘ब’ची ‘क’कडे, ‘क’ची ‘अ’कडे. नेहमीचा ०.८५ गुणक (वाचक पुढच्या लिंकवर जाण्याची शक्यता) धरून गणित सोडवले की ‘क’ला ०.३९७, ‘अ’ला ०.३८८ आणि ‘ब’ला ०.२१५ मिळतात. ‘अ’ आणि ‘ब’ दोघांनाही एकेकच लिंक आहे. पण ‘अ’कडे वजनदार ‘क’चा सगळा वाटा जातो, ‘ब’ला ‘अ’चा निम्माच.

आज हा अनेक घटकांपैकी एक आहे. शोधामागचा हेतू, मजकुराचा दर्जा, ताजेपणा यांचे वजन शोधागणिक बदलते, म्हणून ‘दोनशे घटकांची पक्की यादी’ असे काही मिळाले तर मनोरंजन म्हणून वाचावे. मेटा कीवर्ड्स (पानाच्या कोडात लिहिलेली शब्दांची यादी) तर सोडूनच द्या. गूगल ते क्रमासाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच सांगितले आहे.

प्रश्न: साइट नव्या डोमेनवर नेली आणि शोधातून येणारे वाचक एकदम घटले. काय तपासावे?

सर्वांत आधी नोइंडेक्स. चाचणीच्या प्रतीवर लावलेला टॅग तसाच खऱ्या साइटवर जाणे, हे फार वेळा घडते. मग रोबोट्स फाइल, तीही चाचणीचीच आली नाही ना. त्यानंतर रीडायरेक्ट: प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नेमक्या समकक्ष नव्या पत्त्यावर ३०१ (कायमचे वळवण्याचा कोड) हवा. सगळे मुखपृष्ठाकडे वळवले तर गूगल त्यांना सॉफ्ट ४०४ धरू शकते आणि जुन्या लिंकचे वजन वाया जाते. जुना पत्ता, मग ‘एचटीटीपीएस’, मग ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’, मग नवे डोमेन अशी साखळी असेल तर ती एकाच उडीत आणा. गूगलबॉट सलग दहापेक्षा जास्त उड्या मारत नाही.

पुढे कॅनॉनिकल टॅग आणि साइटमॅप पाहा, त्यांत जुने डोमेन राहून जाते. नवी साइट जावास्क्रिप्टवर चालत असेल, तर मेनूतल्या लिंक खऱ्या ‘ए एचरेफ’ (कोडात पत्ता लिहिलेल्या लिंक) आहेत का ते बघा. फक्त ऑनक्लिकवर, म्हणजे क्लिक केल्यावरच्या स्क्रिप्टवर, चालणारे बटण बॉट दाबत नाही, त्यामागची पाने त्याला सापडत नाहीत. नोइंडेक्स आधी ठेवून मागाहून जावास्क्रिप्टने काढायची युक्तीही फसते, कारण तो टॅग दिसताच गूगल पुढची स्क्रिप्ट चालवायचे टाळू शकते.

मोबाइलवरचे पानही स्वतंत्र तपासा. गूगल आता मोबाइलची आवृत्ती पाहून नोंदवते. डेस्कटॉपवर असलेला आणि मोबाइलवर वगळलेला मजकूर त्याच्या दृष्टीने नाहीच.

हे सगळे बरोबर असेल तर काही आठवड्यांचा चढउतार नेहमीचा समजा आणि त्या काळात पत्ते पुन्हा बदलू नका. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, शक्य असेल तर कायम. जुने डोमेन हातचे सोडायचे नाही, म्हणून त्याच्या नूतनीकरणाची तारीख आताच नोंदवून ठेवा.