संघ हरत असताना चाहते आपलाच सर्वात चांगला खेळाडू देऊन टाका असं का म्हणतात?

तुम्ही विचारलंय की तुम्ही नुकतेच शिकागोला आलात, ऑफिसातले सहकारी व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचे चाहते आहेत, आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्याच संघातला एकुलता एक चांगला खेळाडू कुणाला द्यायचा यावर ते हमरीतुमरीवर येतात. बदल्यात जी मुलं येणार त्यांची नावं कुणी ऐकलेली नसतात, तरी त्यावर चर्चा तासभर चालते. यात निष्ठा कुठे आहे, असा तुमचा प्रश्न.

मी याच शहरात राहते आणि सॉक्स बघते. माझ्या मते संघावर जीव असल्याशिवाय ही भांडणं होतच नाहीत. ज्याला फरक पडत नाही तो 2024 सालीच टीव्ही बंद करून मोकळा झाला. 41 विजय, 121 पराभव. 1900 नंतर मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या स्पर्धेत, एका मोसमात इतके सामने कुणीच हरलेलं नव्हतं. मधे सलग 21 पराभव झाले, मॅनेजर गेला, आणि सप्टेंबरअखेर डेट्रॉइटमध्ये 121 वा पराभव झाला त्याच रात्री समोरच्या टायगर्सनी दहा वर्षांनी प्लेऑफ गाठल्याचा जल्लोष केला. अशा मोसमात चाहत्याने बोलायचं तरी कशावर? आजच्या सामन्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. मग तो तीन वर्षांनंतरच्या सामन्यावर बोलतो.

आता यामागचा व्यवहार. आपल्याला आयपीएलची सवय आहे. तिथे दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि बहुतेक संघ नव्याने बांधले जातात. हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला आला तेव्हा वानखेडेवर त्याची हुर्यो उडाली ती रोहितच्या कप्तानपदावरून. हार्दिकच्या बदल्यात कुठली पोरं गेली, असा प्रश्नच नव्हता. बेसबॉलमध्ये नेमका तोच प्रश्न असतो. ड्राफ्टमधली (नवी मुलं निवडण्याच्या वार्षिक फेरीतली) पाळी इथे सहसा दुसऱ्याला देता येत नाही, त्यामुळे खेळाडूची किंमत खेळाडूंमध्येच मोजावी लागते. शिवाय मेजर लीगमध्ये आलेला मुलगा साधारण सहा वर्षं त्याच संघाच्या ताब्यात असतो. पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगारावर (2024 मध्ये 7 लाख 40 हजार डॉलर), पुढे लवादातून थोडा वाढीव. सहा वर्षं भरली की तो फ्री एजंट, कुठेही जायला मोकळा. म्हणजे खेळाडू जितका चांगला आणि त्याची राहिलेली वर्षं जितकी जास्त, तितका भाव. दर दिवसागणिक तो भाव उतरतो. तुमचे सहकारी भांडतात ते या उतरत्या भावावर.

2024 च्या जुलैमध्ये हे सगळं गॅरेट क्रोशे या एका डावखुऱ्या पिचरभोवती (चेंडू टाकणाऱ्याभोवती) फिरत होतं. आदल्या वर्षी कोपराच्या शस्त्रक्रियेतून परतताना त्याने जेमतेम तेरा इनिंग (बेसबॉलचे छोटे डाव, एका सामन्यात साधारण नऊ) टाकल्या होत्या, आणि आता सुरुवातीचा पिचर म्हणून पहिल्याच मोसमात तो ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक उत्तम खेळाडूंपैकी. मोसम संपला तेव्हा 146 इनिंगमध्ये 209 स्ट्राइकआउट (बॅटरचे तीन प्रयत्न हुकवून घेतलेले बळी). त्याची अजून अडीच वर्षं हातात होती. एक गट म्हणायचा, जुलैअखेरच्या अदलाबदलीच्या डेडलाइनच्या आत द्या, हात पुन्हा दुखावला तर शून्य मिळेल. दुसरा गट म्हणायचा, थांबा. जुलैत तेच संघ बोली लावतात जे यंदा जिंकायच्या शर्यतीत आहेत, हिवाळ्यात बाकीच्या एकोणतीसच्या एकोणतीस संघांशी बोलता येतं. त्यातच बातमी आली की करार वाढवून मिळाल्याशिवाय तो ऑक्टोबरमध्ये, म्हणजे प्लेऑफमध्ये, टाकायला तयार नाही, आणि गिऱ्हाइकं थंडावली. मी थांबायच्या बाजूची होते. पण द्यायलाच नको, असं म्हणणारं जवळजवळ कुणीच नव्हतं, हे नीट लक्षात घ्या.

कारण मालकाची थैली सगळ्यांना माहीत आहे. जेरी राइन्सडॉर्फ यांच्या सॉक्सने दिलेला सर्वात मोठा करार आउटफिल्डर अँड्र्यू बेनिंटेंडीचा, पाच वर्षांना साडेसात कोटी डॉलर. क्रोशेला पुढे बॉस्टनने सहा वर्षांसाठी 17 कोटी दिले. हे अंतर पाहिलं की 'विका' म्हणणाऱ्याचा राग कुणावर आहे ते कळतं. त्या वर्षी स्टेडियममध्ये 'सेल द टीम' अशा घोषणा होत होत्या. खेळाडू विका असं म्हणणारे आणि अख्खा संघच विका असं मालकाला सुनावणारे लोक बहुतेक तेच.

तरीही सॉक्सच्या चाहत्याला प्रॉस्पेक्ट (होतकरू नवा खेळाडू) या शब्दाने आनंद होतो तशी धडकीही भरते, आणि तुमच्या सहकाऱ्यांच्या आवाजातली धार तिथून येते. डिसेंबर 2016 मध्ये आमचा अव्वल पिचर ख्रिस सेल बॉस्टनला दिला, बदल्यात योआन मोंकाडा आणि मायकेल कोपेक आले. पुढच्या जुलैत पिचर होजे किंताना गावातल्याच दुसऱ्या संघाला, कब्जना, दिला, आले एलोय हिमेनेझ आणि डिलन सीझ. सगळ्या याद्यांमध्ये ही नावं वर. मोंकाडा तर देशातल्या अगदी पहिल्या काही प्रॉस्पेक्टपैकी. लोकांनी हरण्याची तीन वर्षं हसत काढली. पुढे काय झालं? 2020 आणि 2021 ला प्लेऑफ, दोन्ही वेळा पहिल्याच मालिकेत बाहेर, 2022 ला 81-81, 2023 ला 101 पराभव. सेल मात्र 2018 मध्ये बॉस्टनकडून वर्ल्ड सिरीजचा (अंतिम मालिकेचा) शेवटचा बळी घेऊन मोकळा झाला.

आणि त्याआधी जून 2016. जेम्स शील्ड्स या उतरत्या वयाच्या पिचरसाठी सॉक्सने सान दिएगोला जी दोन माणसं दिली त्यातला एक 17 वर्षांचा शॉर्टस्टॉप होता, ज्याने व्यावसायिक पातळीवर एकही सामना खेळलेला नव्हता. फर्नांडो तातीस ज्युनियर. सात लाख डॉलरवर घेतलेल्या या पोराला 2021 मध्ये सान दिएगोने 14 वर्षांचा 34 कोटींचा करार दिला. म्हणून आज तुमचा सहकारी एखाद्या अनोळखी एकोणीस वर्षांच्या मुलासाठी भांडत असेल तर त्याला वेडा समजू नका.

या सगळ्यातून माझं जे मत झालंय ते असं: ट्रेड चांगला की वाईट हे त्या दिवशीच्या यादीतल्या क्रमांकावरून ठरत नाही, आलेल्या मुलांना घडवतं कोण यावर ठरतं. मोंकाडाने 2019 मध्ये .315 सरासरीने मारलं, त्याच्यात दम होता. हिमेनेझने त्याच वर्षी 31 होमरन ठोकले. मग दुखापती, क्षेत्ररक्षणातला ढिसाळपणा आणि पाठीमागे दुसरी फळीच नाही. आठ-दहा नावांवर सगळी मदार ठेवली आणि त्यातली चार कोलमडली की संघ कोलमडला. मोसमभर एकाच नावावर वाद घालणाऱ्यांना मी हेच सांगत असते.

त्यामुळे चाहते हल्ली मायनर लीग, म्हणजे मोठ्या संघांची मुलं जिथे तयार होतात त्या खालच्या स्पर्धा, बघतात, आणि तुम्हीही बघा. 2024 च्या त्या मोसमात एका संध्याकाळी मैदानावर सॉक्स नेहमीप्रमाणे मागे होते, आणि माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा मांडीवर फोन ठेवून सॉक्सच्या बर्मिंगहॅममधल्या मायनर लीग संघाचा सामना बघत होते. तिथे नोआ शुल्ट्झ टाकत होता, साडेसहा फुटांहून उंच डावखुरा, शिकागोच्याच उपनगरातल्या शाळेतून आलेला. आजोबा प्रत्येक चेंडूचा वेग कागदाच्या चिठोऱ्यावर लिहीत होते. समोर आमचा बॅटर बाद झाला तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, शुल्ट्झने तिसरा स्ट्राइक टाकला तेव्हा मात्र शेजारच्याला कोपराने ढोसलं. मोठा संघ 121 सामने हरला त्याच वर्षी सॉक्सचा बर्मिंगहॅमचा संघ आपल्या लीगचा विजेता झाला, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

बघताना वय आणि पातळी यांची सांगड घाला. 20 वर्षांचा मुलगा डबल-ए (मायनर लीगमधली वरून दुसरी पातळी, बर्मिंगहॅम तिथेच खेळतं) मध्ये टिकून असेल तर आकडे साधे असले तरी चालतात, 25 वर्षांचा तिथे धुमाकूळ घालत असेल तर हुरळून जाऊ नका. बॅटरचे स्ट्राइकआउट पाहा. होमरन सगळ्यांना दिसतात, पण वर गेल्यावर जे उघडं पडतं ते हुकलेल्या फटक्यांचं प्रमाण.

शेवटी डिसेंबर 2024 मध्ये क्रोशे बॉस्टनला गेलाच. आले चौघे: कॅचर काइल टील, इनफिल्डर चेस माइड्रॉथ, पिचर विकेलमन गोन्झालेझ आणि आउटफिल्डर ब्रेडन मॉन्टगोमेरी. क्रोशेने 2025 मध्ये 255 स्ट्राइकआउट घेतले, मेजर लीगमध्ये सर्वाधिक. ते बघून इकडे पोटात तुटलं, खोटं कशाला बोलू. पण माइड्रॉथ एप्रिलमध्ये वर आला, टील जूनमध्ये, आणि दोघेही रोज खेळायला लागले. याद्यांच्या शेंड्यावरचं नाव एकाचंही नाही, पण घट्ट पायाची मुलं आहेत. 2016 पेक्षा हा सौदा मला यासाठीच पटतो. 2025 मध्येही 102 पराभव झाले ते वेगळं.

राहिला मॉन्टगोमेरी. (सॉक्सचा शॉर्टस्टॉप कोल्सन मॉन्टगोमेरी वेगळा, दोघांची गल्लत करू नका, ऑफिसात लगेच पकडले जाल.) ब्रेडन दोन्ही हातांनी मारतो. कॉलेजच्या शेवटच्या दिवसांत त्याचा घोटा मोडला होता, आणि सौदा झाला तेव्हा तो व्यावसायिक पातळीवर एकही सामना खेळलेला नव्हता. 2025 मध्ये तो खालच्या पातळ्या चढत बर्मिंगहॅमपर्यंत पोचला. उद्या जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना विचारा की माइड्रॉथ आणि टील एवढ्यावर सौदा वसूल झाला, की ब्रेडन मॉन्टगोमेरीकडे बघून मग ठरवायचं. जेवण थंड होईल, पण तुम्हाला त्या टेबलावर कायमची जागा मिळेल.